खैरलांजीच्या आरोपींना फाशी झाली का? आणि प्रश्न तेवढाच आहे का?

निवृत्त_शिरस्तेदार

खैरलांजीच्या आरोपींना फाशी झाली, असं आपल्याकडं बऱ्याच जणांच्या डोक्यात पक्कं बसलंय. झाली नाही. २००८ साली सुनावली आणि २०१० साली रद्द झाली. सुनावल्याचं लोकांच्या लक्षात राहिलं, रद्द झाल्याचं राहिलं नाही. शेजारच्या धाग्यावर यावरून हमरीतुमरी चालली होती आणि तिथला मूळ विषय पार बाजूला पडला होता, म्हणून हा वेगळा धागा.

नव्या पोरांसाठी आधी हकीकत. खैरलांजी म्हणजे भंडारा जिल्हा, मोहाडी तालुक्यातलं गाव. भैयालाल भोतमांगे, बायको सुरेखा, दोन मुलगे, एक मुलगी. गावात दलितांची घरं बोटावर मोजण्याइतकी. यांची पाचेक एकर जमीन, आणि त्या जमिनीतून वाट सोडायची यावरून गावाशी जुना वाद. ३ सप्टेंबर २००६ ला शेजारच्या गावच्या पोलीस पाटलाला मारहाण झाली. हा माणूस भोतमांग्यांच्या पाठीशी उभा राहणारा. मारणारे कोण हे सुरेखा आणि तिच्या मुलीनं ओळखलं आणि पोलिसांना तसं सांगितलं. २९ सप्टेंबरला त्या लोकांना जामीन मिळाला. त्याच संध्याकाळी जमाव घरावर चालून आला. आई, मुलगी, दोन्ही मुलगे, चौघांना मारून कालव्यात टाकलं. भैयालाल लपून राहिले म्हणून वाचले.

खटला ११ जणांवर चालला. भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयानं १५ सप्टेंबर २००८ ला ८ जणांना दोषी धरलं, ३ सुटले. २४ तारखेला ६ जणांना फाशी आणि २ जणांना जन्मठेप. जुलै २०१० मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं त्या फाशीच्या जागी २५ वर्षं सक्तमजुरी दिली. खून दोन्ही कोर्टांनी मान्य केले. ॲट्रॉसिटी, म्हणजे जातीवरून अत्याचार केल्याचा गुन्हा, दोन्ही कोर्टांनी नाकारली.

कोर्टात नोकरीभर मी हेच कागद हाताळले, त्यावरून सांगतो. फाशी की जन्मठेप यावर आपण रात्ररात्र भांडतो, पण या खटल्याचं जे व्हायचं ते पहिल्या आठवड्यातच होऊन गेलं होतं. पहिलं शवविच्छेदन इतकं वरवरचं की पुरलेले मृतदेह पुन्हा बाहेर काढून तपासावे लागले. आधी पाण्यात, मग मातीत. दुसऱ्या वेळेला त्यात काय राहणार? पोलीस निलंबित झाले, डॉक्टर निलंबित झाले, नोव्हेंबरात सीबीआय आली. पण एकदा गेलेला पुरावा निलंबनानं परत येत नाही. मुलीवर आणि आईवर काय अत्याचार झाले याबद्दल रस्त्यावर एक बोललं जात होतं आणि कोर्टात त्यातलं काहीच टिकलं नाही, त्याचं मूळ तिथं आहे.

पैलवान_गल्ली

नाना, कायदाबियदा सगळं बरोबर हाय. पर चार माणसं मारली आणि सरकारी भाकरी खात २५ वर्षं बसायचं? ही शिक्षा हाय व्हय? असल्यांना चौकात उभं करून फाशी द्याय पायजे. एकदा दिली की पुढच्या धा गावांतली लोकं गप बसतील.

बावड्याचा_राजू

एक अडाणी प्रश्न. जन्मठेप म्हंजे १४ वर्षं ना? मग २५ वर्षं म्हंजे जन्मठेपेपेक्षा जास्त झाली की. मग फाशी "कमी केली" असं का म्हणायचं?

वकीलकाकू

राजू, प्रश्न अडाणी नाही, माझ्याकडं येणारी शिकलेली माणसंसुद्धा हेच विचारतात. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद. १४ वर्षांचा आकडा आला तो जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४३३-अ मधून. ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते त्यात जन्मठेप झाली, तर १४ वर्षं पुरी होण्याआधी सरकारनं सोडायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. १४ नंतर सोडायलाच हवं असं कुठंही लिहिलेलं नाही. सरकार सोडू शकतं, आणि बऱ्याचदा सोडतं, म्हणून लोकांच्या तोंडी ते "१४ वर्षं" बसलं.

यातून कोर्टांची एक अडचण झाली. फाशी जास्त वाटते आणि जन्मठेप दिली तर माणूस १४ वर्षांनी गावात परत दिसेल. त्यावर जुलै २००८ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्वामी श्रद्धानंद खटल्यात मधला रस्ता काढला, की अमुक वर्षं किंवा मरेपर्यंत शिक्षेत सूट नाही असं कोर्ट स्वतःच ठरवू शकतं. त्यानंतर २०, २५, ३० असे आकडे निकालांत दिसायला लागले.

आता खैरलांजी. फाशीसाठी "दुर्मिळातील दुर्मीळ" ही कसोटी १९८० च्या बच्चन सिंग निकालातली. १९८३ च्या मच्छी सिंग निकालानं त्यात कोणकोणते प्रकार बसतात ते सांगितलं. त्यात एक प्रकार असा, की अनुसूचित जातीच्या माणसाचा खून वैयक्तिक कारणानं नव्हे तर समाजात संताप उसळेल अशा परिस्थितीत झाला असेल तर. म्हणजे खैरलांजीला हे अगदी मापाचं होतं. पण हायकोर्टानं हे खून बदल्यातून झाले असं धरलं. तुम्ही आमच्याविरुद्ध साक्ष दिलीत म्हणून मारलं, जातीमुळं नव्हे. माझं मत विचाराल तर जात बाजूला काढली त्याच वेळी फाशीचा पाया ढिला झाला. पैलवान दादा, तुम्हाला फाशी हवी असेल तर आधी ॲट्रॉसिटीसाठी भांडायला पाहिजे होतं!

पैलवान_गल्ली

काकू, गप केलंसा की मला.

वैनगंगा_ते_पंचगंगा

माझं माहेर भंडाऱ्याचं, सासर इथे कोल्हापुरात, शाहूपुरी. लग्न होऊन इथे आले तेव्हा माहेर कुठलं म्हणून विचारलं की मी भंडारा सांगायची आणि समोरचा म्हणायचा, "म्हणजे खैरलांजीच्या तिकडच्या?" तलाव, धान, पितळेची भांडी, आमच्याकडे एवढं सगळं आहे, पण लोकांना गाव आठवायचं ते तेवढंच.

काकूंनी "बदला" म्हटलं त्यावर बोलायचं आहे. जमिनीतून वाट हवी तर वाटेवरून भांडण होते, ते कुठेही होते. पण दोन बायांनी पोलिसात नाव सांगितलं म्हणून अख्ख्या घरावर जमाव जातो, हे कोणत्याही घराच्या बाबतीत झालं असतं का? ज्यांच्या मागे गावात भावकी आहे, पाटीलकी आहे, त्यांच्या बायांनी नाव सांगितलं असतं तर? बदला कोणावर घेता येते हे जातीवरूनच ठरते ना जी. एवढी साधी गोष्ट आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायांना समजते.

भैयालालजींना नंतर भंडाऱ्याला सरकारी वसतिगृहात नोकरी दिली होती. फाशी कायम राहावी, ॲट्रॉसिटी लागावी म्हणून ते सुप्रीम कोर्टात गेले होते. जानेवारी २०१७ मध्ये वारले. अपील तसंच पडून होतं.

वकीलकाकू

ताई, तुम्ही म्हणालात ते कायद्यात आलं, पण दहा वर्षांनी. १९८९ च्या मूळ ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(२)(५) असं होतं, की दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेचा गुन्हा पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे "या कारणावरून" केला असेल तर जन्मठेप. ते कारण सिद्ध करायचं सरकारी पक्षानं. मारताना आरोपी काय बोलला, जातीवरून शिवी दिली का, ती ऐकणारा साक्षीदार आहे का? चार जण मेलेले, पाचवा लपलेला आणि बाकी गाव आरोपींचं. कोण सांगणार?

२०१५ च्या दुरुस्तीनं, म्हणजे २६ जानेवारी २०१६ पासून, ते बदललं. आता पीडित त्या जातीचा आहे हे आरोपीला माहीत होतं एवढं पुरतं. शिवाय आरोपी त्या कुटुंबाला ओळखत असेल तर त्याला जात माहीत होती असं कोर्टानं गृहीतच धरायचं, उलट सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर. खैरलांजीएवढ्या गावात हे दोन मिनिटांत सिद्ध झालं असतं. अर्थात फौजदारी कायदा मागल्या तारखेनं लागू होत नाही, त्यामुळं जुन्या खटल्याला याचा काडीचा उपयोग नाही.

आणि गंमत बघा. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत जमावानं केलेल्या खुनाचं वेगळं कलम आलंय, १०३(२). पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, वंश, लिंग, जन्मस्थान वगैरे कारणावरून खून केला तर फाशी किंवा जन्मठेप. ऐकायला भारी वाटतं. पण त्यात पुन्हा "या कारणावरून" आलंच. जो खड्डा ॲट्रॉसिटीत बुजवला तोच इथं नव्यानं खणून ठेवलाय.

आजरेकर

सगळं वाचलं. आता कुणालातरी कडू लागेल ते मी विचारतो. कोपर्डीचं काय? तिथं १३ जुलै २०१६ ला शाळकरी पोरीवर अत्याचार करून मारलं. तेव्हा हे सगळे अभ्यासक कुठं होते? १५ ऑक्टोबर २०१६ ला कोल्हापुरात मराठा मोर्चा निघाला त्यात मी होतो, घरच्या बायाबापड्यांसकट. एक घोषणा नाही, एक काच फुटली नाही. खैरलांजीनंतर काय झालं ते आठवा. डेक्कन क्वीन जाळली होती.

माणगाव_१९२०

आजरेकर, डेक्कन क्वीन ३० नोव्हेंबर २००६ ला जळाली, ती कानपूरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर. आधीचा राग साठलेला होता, हे मान्य. तो का साठला होता तेही बघा. खून सप्टेंबरअखेरचा, आणि राज्यातल्या मोठ्या वर्तमानपत्रांना त्याची नीट दखल घ्यायला महिना लागला. भंडारा-नागपूरकडची पोरं रस्त्यावर आली तेव्हा कुठं खैरलांजी हे नाव आपल्यापर्यंत पोचलं.

कोपर्डीची पोर आपलीच होती, त्यात काय दुमत असायचं. त्या मोर्चात न्याय मागितला तिथवर मी तुमच्याबरोबर. पण त्याच मोर्चात ॲट्रॉसिटीचा कायदा बदला ही मागणी होती, तिथं माझ्या घरातल्या बायाबापड्या घाबरल्या. हेही तितकंच खरं आहे.

आजरेकर

मागणी गैरवापर थांबवा अशी होती.

माणगाव_१९२०

फलकावर काय होतं ते दोघांनीही वाचलंय. सोडा.

व्यवस्थापक

इथपर्यंत ठीक चाललंय. कुणाची जात विचारणारे दोन प्रतिसाद उडवलेत. पुढं गेलात तर धागा वाचनमात्र करू.

निवृत्त_शिरस्तेदार

व्यवस्थापकांचे आभार. आजरेकर, तुमचा प्रश्न टाळत नाही, उलट तुम्ही बरं झालं कोपर्डी काढलीत. त्या खटल्यात नगरच्या कोर्टानं २९ नोव्हेंबर २०१७ ला तिघांना फाशी सुनावली. गुन्ह्यापासून निकालापर्यंत दीड वर्षसुद्धा लागलं नाही. मुख्य आरोपीनं पुढं सप्टेंबर २०२३ मध्ये येरवड्यात गळफास घेतला.

आता त्याच नगर जिल्ह्यातलं खर्डा घ्या. एप्रिल २०१४, दलित शाळकरी पोरगा, वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो म्हणून मारून झाडाला लटकवला. त्या खटल्याचा निकाल नगरच्याच कोर्टात २३ नोव्हेंबर २०१७ ला लागला. म्हणजे कोपर्डीच्या शिक्षेच्या आधी सहा दिवस. सगळे निर्दोष. कारण एकामागून एक साक्षीदार फुटले.

कोर्ट तेच, महिना तोच. कायदाही तोच. फरक कुठं पडला? कोपर्डीच्या साक्षीदारांच्या मागं लाखोंचे मोर्चे उभे होते. खर्ड्याच्या साक्षीदाराला त्याच गावात राहायचं होतं, तिथंच पीठ दळून आणायचं होतं. मी पिंजऱ्याच्या बाजूला बसून फुटणारे साक्षीदार पुष्कळ बघितलेत. सगळेच पैसे खाऊन फुटत नाहीत. "मी त्या वेळी परगावी होतो" म्हणणारा माणूस आपल्या नजरेला नजर देत नाही, आणि बाहेर व्हरांड्यात त्याचा मुलगा आरोपीच्या चुलत्याशेजारी उभा असतो.

पैलवान_गल्ली

नाना, ह्ये वाचून अंगावर काटा आला. पर मग मोर्चा काढणाऱ्याचं काय चुकलं? मोर्चा हाय म्हणून न्याय मिळाला म्हणताय.

निवृत्त_शिरस्तेदार

मोर्चा काढणाऱ्याचं काहीच चुकलं नाही, पैलवान. ज्याच्यासाठी मोर्चा निघत नाही त्याचं काय, एवढंच विचारतोय. २०१७ मध्ये आपल्या राज्यानं साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं देशभरासाठी योजना लागू केली. कागदावर सगळं आहे. गावातल्या साक्षीदाराला तो कागद कधी दिसतो का, हा प्रश्न.

बावड्याचा_राजू

अवांतर होतंय, तरी इचारतो. आपल्या कोल्हापूरच्या कोर्टानं त्या पोरं चोरणाऱ्या बहिणींना फाशी दिली हुती ती झाली का? लहानपणी आई त्येंचंच नाव घेऊन भीती दाखवायची. "जत्रंत हात सोडलास तर गावित बाई नेईल."

वकीलकाकू

अवांतर नाही, उलट नेमकं इथलंच आहे. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित. १९९० ते १९९६ या काळात १३ मुलं पळवल्याचा खटला. चोरी करताना अंगावर मूल असलं की संशय येत नाही, म्हणून पळवायची आणि नकोसं झालं की मारायचं. अंजनाबाई खटला सुरू होण्याआधीच वारली, रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं जून २००१ मध्ये दोघींना फाशी दिली. २००४ ला हायकोर्टानं कायम केली, २००६ ला सुप्रीम कोर्टानं. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज २०१४ मध्ये फेटाळला.

आणि तरी फाशी झाली नाही. दयेच्या अर्जाचा निकाल लागायला सात वर्षं दहा महिने गेले. फाशीच्या छायेत माणसाला विनाकारण इतकी वर्षं ठेवणं घटनेत बसत नाही, म्हणून १८ जानेवारी २०२२ ला हायकोर्टानं जन्मठेप केली. दोघींनी सुटका मागितली होती, ती मात्र दिली नाही. पैलवान, त्यांना वाचवलं ते कुठल्या हुशार वकिलानं नव्हे. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर जायला जो वेळ लागला त्यानं वाचवलं. मी स्वतः फाशीच्या विरोधात आहे, तरी त्या मुलांच्या आयांना हे कारण कसं सांगायचं, मला सुचत नाही.

भिशी_मंडळ_राजारामपुरी

सगळा धागा एका बैठकीत वाचला. फाशी पाहिजे की नको यावर माझं मत अजून डळमळीतच आहे. पण पंचनामा नीट झाला पाहिजे यावर तर सगळ्यांचं एकमत दिसतंय, मग नवीन कायद्यात त्याचं काही केलंय का?

वकीलकाकू

केलंय. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचं आणि ते सगळं चित्रित करायचं, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६(३) सांगतं. मात्र राज्यांना ते लागू करायला पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण कलम १०५ मध्ये. आणि ॲट्रॉसिटीचा तपास डीवायएसपीच्या खालच्या अधिकाऱ्यानं करायचा नाही हे तर १९९५ च्या नियमांपासूनच आहे.

निवृत्त_शिरस्तेदार

चित्रीकरणाचं स्वागत. फक्त एक सांगतो. पंचनाम्याखाली सही करणारे पंच कोण असतात ते बघत चला. वर्षानुवर्षं मी काही नावं वेगवेगळ्या गुन्ह्यांत पंच म्हणून वाचलीत. गुन्हा कुठंही घडो, ही माणसं नेमकी तिथून चाललेली असायची! उलटतपासणीत वकिलानं एवढंच विचारलं, "यापूर्वी किती वेळा पंच होता?", की निम्मा पंचनामा तिथंच झोपायचा.

माणगाव_१९२०

मी इतका वेळ दुसऱ्याच्या गावाबद्दल बोलतोय. आपल्याबद्दल बोलतो. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये ५० टक्के जागा राखीव ठेवल्या, १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांच्या शेजारी बसले. हे आपण प्रत्येक भाषणात सांगतो आणि मग "आपल्याकडं तसलं काही नाही" म्हणून मोकळे होतो. गेल्या वर्षी माझ्या मावसभावाला बांधावरून मारलं. डोक्याला टाके पडले. ठाण्यात "गावात मिटवून घ्या, उद्या तोंड बघायचंय एकमेकांचं" असं सांगितलं. गुन्हा नोंदवायला दोन दिवस गेले. ठाण्याचं नाव लिहीत नाही.

खैरलांजी वाचताना मला सगळ्यात जास्त काय बोचतं सांगू? जामीन आणि खून एकाच तारखेचे आहेत. मारणारे सुटून गावात येतायत हे त्या बाईला कुणी कळवायला पाहिजे होतं का, कायदा काय सांगतो?

वकीलकाकू

२००६ मध्ये कायद्यात तशी सक्ती नव्हती. आता आहे. २०१५ च्या दुरुस्तीत कलम १५-अ आलं. ॲट्रॉसिटीच्या प्रकरणात जामिनासह कुठलीही सुनावणी असेल तर पीडिताला वेळेत आणि नीट कळवलं पाहिजे, आणि हे काम विशेष सरकारी वकिलाचं किंवा राज्य सरकारचं. पीडिताला तिथं बोलण्याचाही हक्क आहे. ही नुसती औपचारिकता नाही, बंधनकारक आहे असं सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये सांगितलंय.

माणगाव_१९२०

भावाला नोटीस आली, पण जामीन होऊन गेल्यावर. पाकिटावर टपालाचा शिक्का आहे, तारीख स्पष्ट दिसतेय. याचं काही करता येतं का?

वकीलकाकू

येतं. पाकीट फेकू नका, नोटीस आणि पाकीट दोन्ही टाचून ठेवा. जामिनाच्या आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल काढा. पीडिताला न ऐकता जामीन झाला या मुद्द्यावर तो रद्द करण्यासाठी जाता येतं, आणि आता त्यासाठी मुंबईची रात्रीची गाडी पकडायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच आपल्या भाऊसिंगजी रोडवरच बसतं, सीपीआर दवाखान्यासमोर जुन्या कोर्टाच्या इमारतीत. एफआयआरचा क्रमांक आणि भावाचा जातीचा दाखला घेऊन या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा.

आजरेकर

माणगाव, भावाचं डोकं आता बरं आहे ना? आमच्या पाहुण्यांत एक जण सीपीआरला आहेत. जखमेचे कागद मिळायला त्रास होत असेल तर सांगा, नंबर देतो.